वॉटर पंप बदलल्यावर गाडी तापतेय: आत हवा उरलीय की नवीन हवा येतेय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, वर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. वॉटर पंप गळत होता म्हणून पंप आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा वॉल्व) दोन्ही बदलले, कूलंट नवीन भरलं, आणि त्यानंतर नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलं की काटा चढतो, गाडी पळायला लागली की खाली येतो. डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतो, हीटर लावला तर उभ्या गाडीत गार वारा आणि रेस दिली की गरम. एक गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं, हेड उतरवावं लागेल. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका, काही होत नाही. आणि पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन वणीच्या गडावर जायचंय, तर घरच्या घरी एअर कशी काढायची.

मी अंबडला गॅरेज चालवतो, कूलिंगची कामं रोज असतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. एअर काढायची पद्धत खाली सांगतोच, पण तुमचा खरा प्रश्न तो नाही असं मला वाटतं. खरा प्रश्न असा की काम करताना आत राहिलेली जुनी हवा आहे, का कुठूनतरी रोज नवीन हवा आत येतेय. पहिलं असेल तर तासा-दोन तासाचं काम आहे आणि खर्च कूलंटपुरता. दुसरं असेल तर तुम्ही दहा वेळा एअर काढा, तीन दिवसांनी परत तेच. आणि गंमत नाही, हजारो रुपयांचा फरक आहे, कारण ही दोन्ही एकमेकांत मिसळली की लोक चांगलं हेड उतरवून बसतात, नाहीतर उलटं, गेलेल्या गॅस्केटवर महिनाभर एअर काढत बसतात आणि तोवर हेड वाकतं. चांगली गोष्ट ही की एअर नीट काढली, मोजून काढली, तर हे उत्तर त्यातूनच मिळतं.

आधी हवेने नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं आपोआप कळेल. कूलंट उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, हवा ते काम जवळपास करतच नाही. त्यात वॉटर पंप, ज्याला आपल्याकडे बरेच जण वॉटर बॉडी म्हणतात, तो पाणी फेकणारा पंप आहे, त्याच्या पंख्यात हवा आली की तो नुसता फिरतो, पुढे काही ढकलत नाही. हवा हलकी म्हणून ती वर जाऊन बसते, म्हणजे हेडच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटच्या घरात, हीटरच्या कोअरमध्ये (हीटरचा छोटा रेडिएटर), आणि नेमकं हेडमध्येच सगळ्यात जास्त गरम होणारं अ‍ॅल्युमिनियम असतं. तिथे कूलंट पोचलं नाही की त्या जागी वाफ होते, वाफेने आणखी कूलंट बाजूला सरतं. टेंपरेचरचा सेन्सर पण बहुतेक गाड्यांत तिथेच असतो, तो हवेत उघडा पडला तर खरं तापमान दाखवत नाही, धातू तापलेला असतो आणि काटा मात्र खाली, फॅन पण लागत नाही, आणि मग एकदम गरम पाण्याची नाहीतर वाफेची लाट आली की काटा उडी मारून वर. म्हणून काटा वर-खाली नाचणं हे माझ्या अनुभवात हवेचं पहिलं लक्षण. गॅस्केटचा नंबर नंतर.

तुमच्या हीटरचं पण तेच आहे. हीटर कोअर उंचावर, डॅशबोर्डच्या मागे असतो, स्लोवर पंपाचा जोर कमी, तेवढ्या जोरात हवेचा बुडबुडा खाली ढकलला जात नाही म्हणून गार वारा, रेस दिली की पाणी जोरात येतं आणि गरम होतं. खळखळ आवाज तोच. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला हीच जोडी जास्त पटते, आवाज आणि हीटर.

पण एक गोष्ट आधी तपासा. सिग्नलला तापते आणि पळताना उतरते हे लक्षण हवेपेक्षाही रेडिएटर फॅन बंद असल्याचं असतं. पळत्या गाडीत समोरून वारा लागतो, उभ्या गाडीत फक्त फॅनचाच आधार. पंप बदलताना फॅनचा नाहीतर सेन्सरचा कनेक्टर काढलेला असतो आणि तो परत लावायचा राहू शकतो. एसी चालू करा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा काही सेकंदात लागतो. लागला नाही तर बाकी सगळं थांबवा आणि आधी कनेक्टर, फ्यूज, रिले बघा. एसीवर लागला म्हणजे मोटर चांगली आहे, सेन्सरवरून लागतो की नाही ते एअर काढताना कळेल.

आता पुढचं सगळं गाडीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही प्रकार सांगतो. बॉनेट उघडून बघा. रेडिएटरच्या डोक्यावर लोखंडी झाकण आहे आणि बाजूला साधी प्लास्टिकची बॉटल, जिच्या झाकणाला प्रेशर नाही, तर तो पहिला प्रकार, मारुतीच्या जुन्या आल्टो, वॅगन-आर सारख्या गाड्यांत असतो तो. यात कूलंट भरायचं रेडिएटरच्या तोंडातून, बॉटलमधून नाही. बॉटलमध्ये मॅक्सपर्यंत भरलं म्हणजे गाडी भरली असं समजून बरेच जण फसतात, आत रेडिएटर अर्धा रिकामा असतो. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं, एक जाड प्लास्टिकची बॉटल उंचावर असते, तिला आटे असलेलं झाकण आणि तीच प्रेशरमध्ये असते, पोलोमध्ये गोल बॉटल असते ना, ती. यात हवा आपोआप बॉटलमध्ये येण्यासाठी एक बारीक पाईप असतो, तो गंजाने नाहीतर चिकट गाळाने बंद झाला असेल तर हवा कधीच निघत नाही, त्यामुळे तो काढून फुंकून बघायचा, अर्थात इंजिन गार असताना.

दोन्ही प्रकारांत काही गाड्यांना एअर काढायचा स्क्रू असतो, थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या होजवर किंवा रेडिएटरच्या कोपऱ्यात. तो बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, सात वर्षांत कडक झालेला, जोर लावला तर तुटतो, तेव्हा हाताने जपून.

आणि तुमचं सीएनजी किट. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय की हल्ली सकाळी गाडी गॅसवर लवकर जात नाही, पेट्रोलवरच बराच वेळ चालते. माझ्यासाठी तुमच्या सगळ्या लिहिण्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते आहे. सीएनजीचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा पार्ट, कूलंटने गरम होतो, कारण दाब उतरताना गॅस खूप थंड होतो आणि गरम पाणी मिळालं नाही तर रिड्यूसर गारठतो. त्यासाठी हीटरच्या पाईपमध्ये टी टाकून रिड्यूसरला कनेक्शन दिलेलं असतं. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) असेल तर रिड्यूसर ठराविक तापमानापर्यंत गरम झाल्याशिवाय गाडी गॅसवर जातच नाही. म्हणजे पंप बदलल्यानंतर हा उशीर सुरू झाला असेल तर रिड्यूसरमध्ये गरम पाणी पोचत नाहीये, तिथे हवा बसलीय. बाहेरच्या फिटिंगमध्ये रिड्यूसर कधी कधी फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, खूप उंच ठोकलेला असतो, रेडिएटरच्या झाकणापेक्षाही वर, मग तो सगळ्या सिस्टीममधला सगळ्यात उंच कोपरा होतो आणि हवा तिथेच जाऊन बसते. साध्या गाडीची एअर काढायची पद्धत अशा गाडीला पुरत नाही, रिड्यूसरचा पाईप वेगळा सोडवावा लागतो. तुमच्या मेकॅनिकने गाडी व्यवस्थित भरली असेल, फक्त हा कोपरा राहिला असेल, ही शक्यता मला खूप मोठी वाटते.

आता पद्धत. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी गाडी, सकाळी करा. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, फडकं धरून पण नाही. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशालाच उकळतं, आणि सिस्टीममध्ये झाकणामुळे जवळपास एक बार जास्त दाब असतो म्हणून आतलं कूलंट शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळं त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. चेहरा भाजलेली माणसं बघितलीत म्हणून कळकळीने सांगतोय.

गाडीचं तोंड वर करा. सोसायटीच्या पार्किंगचा उतार चालतो, पण गाडी बाहेरच्या बाजूला मोकळ्या हवेत ठेवा, इंजिन अर्धा-पाऊण तास चालू राहणार आहे आणि बंद बेसमेंटमध्ये धुराने जीव जाऊ शकतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. जॅकवर उचलत असाल तर खाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय हात घालू नका. तोंड वर करायचं कारण एवढंच की भरायची जागा सगळ्यात उंच यावी. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर एकवर, एसी बंद. नवीन गाड्यांत हीटर कोअरमधून पाणी कायम फिरतं, नॉब फक्त वाऱ्याची झडप फिरवतो, त्यामुळे तिथे नॉबने फरक पडत नाही, पण ज्यांच्यात पाण्याचा वॉल्व आहे त्यांच्यात बंद नॉब म्हणजे बंद रस्ता, तेव्हा उघडा ठेवायचा, नुकसान काहीच नाही. एसी बंद यासाठी की फॅन तापमानामुळे लागला की एसीमुळे ते कळलं पाहिजे.

झाकण काढा, कूलंट हळूहळू ओता, एकदम भसाभसा ओतलं की हवा आतच कोंडते. ओतताना वरचा होज, खालचा होज आणि हीटरचे दोन्ही पाईप हाताने दाबत रहा, प्रत्येक दाबाला बुडबुडे येतील आणि लेव्हल खाली जाईल, परत भरा. स्क्रू असेल तर तो ढिला करा, आधी फसफस येईल, मग एकसारखी धार लागली की बंद करा. तुमच्या गाडीत इथेच रिड्यूसरचा वरचा, पाणी परत जाणारा पाईप ढिला करा, खाली फडकं धरा, आणि धार लागेपर्यंत भरत रहा. तो पाईप भरायच्या तोंडापेक्षा वर असेल तर धार लागणारच नाही, मग गाडी अजून चढवा किंवा कूलंट भरायचं उंच फनेल वापरा, झाकणाच्या जागी घट्ट बसतं ते, त्यात कूलंटचा उंच साठा राहतो. अशी फनेलं ऑनलाइन मिळतात, घरी काम करणाऱ्याने एक घेऊन ठेवावंच.

मग इंजिन चालू करा, झाकण उघडंच, स्लोवर सोडा. काटा बघा, आणि जमलं तर ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटचा) स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाईलवर खरं तापमान बघा, कारण काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि आजकालच्या काही गाड्यांत काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तोवर खालचा होज गार असणं बरोबर आहे, घाबरू नका. थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाते, बुडबुडे जोरात येतात, आणि थोड्या वेळाने खालचा होज कोमट होतो. लगेच भरा. मग रेस दोन ते अडीच हजारावर मिनिटभर धरा, सोडा, परत धरा, म्हणजे हीटर आणि रिड्यूसरमधली हवा पंपाच्या जोराने हलेल. सोडताना लेव्हल वर उसळते, तोंड बाजूला ठेवा, जवळ वाकून बघू नका. फॅन स्वतःहून लागून बंद होईपर्यंत थांबा, शक्यतो दोन वेळा. काटा मध्याच्या वर जाऊ लागला आणि फॅन लागला नाही तर लगेच इंजिन बंद.

शेवटी हीटरच्या दोन्ही पाईपना हात लावा, दोन्ही गरम. रिड्यूसरच्या दोन्ही पाईपना हात लावा, दोन्ही गरम. एक गरम आणि एक गार म्हणजे आतून पाणी फिरत नाही, हवा आहे किंवा बंद आहे. ही हाताची तपासणी फार कमी जण करतात, पण कुठल्याही गॅरेजमधून गाडी घेताना तुम्ही ती करू शकता, हत्यार लागत नाही, फक्त फॅनपासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवा.

झाकण लावा, इंजिन बंद, गाडी पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल बघा, थोडी खाली गेलेली असेल, ती भरा. हे पहिले दोन-तीन दिवस होणं अगदी नैसर्गिक आहे, उरलेले बारीक बुडबुडे वर येतात आणि त्यांची जागा कूलंट घेतं.

आणि मोजा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये साधारण ४ ते ६ लीटर कूलंट बसतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. तुमच्या बिलावर कूलंट किती लीटर लावलंय ते बघा. पुस्तकात पाच लीटर असेल, पंप काढताना इंजिनच्या ब्लॉकमध्ये लीटर-दीड लीटर राहिलंच असेल असं धरलं, आणि बिलात फक्त दोन लीटर असेल, तर उरलेल्या जागेत काय आहे हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. एअर काढताना पण तुम्ही किती ओतलं ते लिहून ठेवा, आणि पुढे रोज सकाळी किती घातलं ते पण. बॉटलवर मार्करने रेघ मारा.

त्या आकड्यांवरूनच तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे. पहिल्या दिवशी पाव लीटर, दुसऱ्या दिवशी थोडंसं, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, आवाज गेला, हीटर स्लोवर गरम, गाडी पटकन गॅसवर जायला लागली, तर ती राहिलेली हवा होती, विषय संपला. पण रोज तेवढंच भरावं लागतंय, नाहीतर लेव्हल तीच असूनही खळखळ परत येते, तर हवा नव्याने येतेय. आता ती कुठून येते ते स्वस्तापासून महागाकडे शोधायचं, आणि गॅस्केट त्यात शेवटी येतं.

सगळ्यात आधी झाकण. लोक झाकणाला झाकण समजतात, तो खरं तर दोन वॉल्वचा पार्ट आहे. एक वॉल्व दाब वाढला की कूलंट बॉटलमध्ये सोडतो, दुसरा छोटा वॉल्व गाडी गार होताना ते कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. रबर चिरलं असेल, रेडिएटर ते बॉटल हा बारीक पाईप फाटला असेल किंवा बॉटलमध्ये कूलंट त्या पाईपच्या खाली असेल, तर रोज रात्री गाडी गार होताना कूलंटऐवजी हवा ओढली जाते. म्हणजे रोज नवीन हवा, आणि बाहेर एक थेंब गळती दिसत नाही. सकाळी वरचा होज चपटा दबलेला दिसला तर दुसरा वॉल्व चिकटलाय. सात वर्षांचं झाकण मी पंपाच्या कामात बदलतोच. नवीन घेताना जुन्यावर जो दाबाचा आकडा आहे तोच घ्या, ०.९ असेल तर ०.९, १.१ असेल तर १.१, जास्त आकड्याचं लावून फायदा नाही, जुने होज आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या फुटतात.

मग पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचे जोड, म्हणजे रेडिएटरच्या खालून पंपाकडे येणारा होज आणि पंपाचं स्वतःचं गॅस्केट. तिथे क्लिप ढिली असेल तर इंजिन जोरात चालताना गळण्याऐवजी हवा आत खेचली जाऊ शकते. तुमच्या गाडीत नेमकं तिथेच काम झालंय, आणि सीएनजीच्या टीच्या क्लिपा धरून जोड वाढलेत. यासाठी कूलिंगचा प्रेशर टेस्टर लावायचा, गार इंजिनवर झाकणाच्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. दाब उतरला तर कुठेतरी वाट आहे, टॉर्च घेऊन शोधा, पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक पण बघा. थर्मोस्टॅट पण विचारून घ्या कसा बसवलाय. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, हवा जायला ठेवलेली, ती वरच्या बाजूला यायला पाहिजे. उलटी खाली बसवली तर भरताना हवा थर्मोस्टॅटच्या मागे कोंडून राहते, आणि तुम्ही वरून कितीही भरा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच गॅस्केट. त्याची खूण वेगळी असते. सकाळी गार इंजिन, झाकण उघडून स्टार्ट करा, अजून काही गरमच झालेलं नाही आणि पहिल्याच मिनिटात बुडबुडे सुरू होतात आणि थांबतच नाहीत, एकसारखे येत राहतात. राहिलेली हवा अशी वागत नाही, ती येते, कमी होते, संपते. झाकण लावून स्टार्ट केलं तर एक-दोन मिनिटांत, नीट गरम व्हायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होतो. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडलं तर फुस्स करून दाब सुटतो. यातलं काही दिसलं तर ब्लॉक टेस्ट करून घ्या, निळं लिक्विड असलेली नळी झाकणाच्या जागी लावतात, कूलंटमध्ये जळलेला गॅस येत असेल तर ते पिवळं पडतं. फार खर्चाची टेस्ट नाही, आणि ही केल्याशिवाय कुणी हेड उतरवा म्हणत असेल तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मात्र टाळाटाळ करू नका, हेड काढून फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट आहे का, ते बघूनच बसवावं लागतं, कूलंटमध्ये टाकायच्या लिकेज बंद करायच्या बाटल्या ओतू नका, त्या हीटर कोअर आणि रिड्यूसर दोन्ही चोंदवतात.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात, उन्हाळा आहे, गाडी गार राहील म्हणून. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त देत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, आणि सीएनजीच्या गाडीत तर रिड्यूसरला पाहिजे ती ऊब मिळायला अजून उशीर. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या पहाटेच्या थंडीत ही गाडी गॅसवर जायला किती वेळ घेईल विचार करा. त्यात काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की बायपास कायम उघडा, मग अर्धं पाणी रेडिएटरमध्ये न जाता तसंच इंजिनात फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

कूलंटबद्दल थोडंच. पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच घ्या, नुसता हिरवा-लाल रंग बघून नाही. तयार मिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी नको, त्याने आत क्षार बसतात. आणि सांडलेलं किंवा काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर ज्यांच्याकडे व्हॅक्यूम फिलर आहे असं गॅरेज शोधा. कंप्रेसरच्या हवेने सिस्टीममधली सगळी हवा आधी ओढून घेतात, होज चपटे होतात, ते बरोबर आहे, काही मिनिटं व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही हे पण कळतं, मग त्याच ओढीने कूलंट आत घेतात. तुमच्यासारख्या उंच रिड्यूसरच्या गाडीला मी हेच वापरतो, वरचे सगळे कोपरे एका झटक्यात भरतात. ज्या गाड्यांना इलेक्ट्रिक वॉटर पंप आहे, त्यांच्यात काही मॉडेल्सना स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, पण तुमच्या सात वर्षांच्या हॅचबॅकला बहुतेक ती गरज नाही.

आता गडाचं. लगेच जाऊ नका. एअर काढल्यावर दोन दिवस शहरात चालवा, रोज सकाळी लेव्हल बघा. मग ओझरपर्यंत सरळ हायवेला, मग सिन्नरच्या बाजूने मोहदरीचा छोटा घाट चढून या, तोही एसी लावून, म्हणजे इंजिनवर लोड येईल. परत येऊन गार झाल्यावर लेव्हल तीच असेल तर गडावर जाणारा नांदुरीचा घाट चढायला हरकत नाही. मध्येच कुठे काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल गरमवर, काचा खाली, आणि सुरक्षित जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद. वळणावर थांबू नका. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. तासभर तरी थांबा, वरचा होज दाबून बघा, मऊ लागला तरच झाकणाला हात. तयार मिक्स कूलंटचा एक लीटरचा डबा डिकीत ठेवा. आणि लेव्हल तीन दिवसांतही स्थिर झाली नाही तर आईवडिलांना त्या दिवशी एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने न्या, तुमची गाडी प्रेशर टेस्टला सोडा. रोजचे भरलेले आकडे आणि झाकणावरचा नंबर लिहून मला कळवा, गाडीचं मॉडेल आणि रिड्यूसर कुठे बसवलाय त्याचा फोटो पण टाका, मग पुढचं नेमकं सांगता येईल.